सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते! शाळेतच दाढांना लेप लावण्याचा कार्यक्रम काय असतो, वाचा सविस्तर

हुमनाबाद : पोराची दाढ दुखायला लागली की आपल्याकडे घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "दुधाचा दात हाय, पडंल आपोआप." लवंग ठेवायची, फारच ठणकलं तर मेडिकलमधून गोळी आणायची आणि पडण्याची वाट बघायची. दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य बऱ्याचदा चुकीचं निघतं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, जागा रिकामी होत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. या दाढा कायमच्या असतात. त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत.

या चार दाढांना कीड लागण्याआधी शाळेतच लेप लावायचा, त्याला दंतवैद्यकात 'पिट अँड फिशर सीलंट' म्हणतात. अमेरिकेत आणि इतर काही देशांत हे काम गेली अनेक वर्षे शाळांमधून चालते. हुमनाबाद, चिटगुप्पा, बसवकल्याण, भालकी, औराद या पट्ट्यातल्या, तसेच पलीकडच्या उमरगा, निलंगा, उदगीर आणि तेलंगणातल्या जहीराबाद भागातल्या मराठी पालकांना याची माहिती असावी, म्हणून हा तपशील.

कीड म्हणजे अळी नव्हे

आठवडी बाजारात, जत्रेत दाढेतली कीड काढून देणारे अजूनही दिसतात. रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि वाटीत पांढऱ्या अळ्या पडल्याचे दाखवतात. दाढेत अळी नसतेच. तोंडातले जिवाणू साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, विरघळवत जाते. धुरीने ठणका थोडा वेळ कमी झाल्यासारखा वाटेल, पण पडलेला खड्डा तसाच राहतो आणि आत वाढतो.

दाढेच्या चावण्याच्या बाजूवर बारीक घळी आणि खाचा असतात. काही घळी इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केससुद्धा आत जात नाही. अन्नाचा कण मात्र जातो. त्यामुळे मूल रोज ब्रश करत असले तरी दाढ वरून किडू शकते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या माहितीनुसार शाळकरी मुलांच्या कायम दातांतील दहापैकी नऊ किडी मागच्या दातांत होतात. नवी उगवलेली दाढ तर पहिली काही वर्षे जास्तच कच्ची असते. लेप लावायचा तो याच काळात.

आपल्या देशाचे आकडे जुने आहेत, पण बोलके आहेत. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत ५ वर्षांच्या ५१.९ टक्के, १२ वर्षांच्या ५३.८ टक्के आणि १५ वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. म्हणजे सातवीच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुले. जगाचा विचार केला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांची संख्या ५१ कोटींच्या वर दिली आहे.

लेप कसा लावतात

यात सुई नाही, मशीनने कोरणे नाही, दुखणे नाही. दाढ स्वच्छ करतात, आजूबाजूला कापसाचे बोळे ठेवून थुंकी अडवतात, दाढेच्या वरच्या भागावर फॉस्फोरिक आम्लाचे जेल काही सेकंद लावतात, पाण्याने धुतात आणि वाळवतात. वाळल्यावर तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर पातळ रेझिन सोडतात, ते घळींत उतरते आणि निळ्या दिव्याने साधारण वीस सेकंदांत घट्ट होते. मग मुलाला चावायला सांगून उंचवटा राहिला का ते बघतात, आणि झाले. त्याच दिवशी शाळेतले जेवण करता येते.

आम्ल हा शब्द ऐकून पालक दचकतात. या जेलचा शोध हाच सगळ्या विषयाचा पाया आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथील मायकेल ब्युनोकोर या संशोधकाने १९५५ मध्ये दाखवले की सौम्यपणे आम्ल लावलेल्या इनॅमलला प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट चिकटतो. त्याआधी दातावर काहीच टिकत नसे. १९६७ मध्ये कुएटो आणि ब्युनोकोर यांनी घळी बुजवण्यासाठी हीच पद्धत वापरली आणि सीलंटचा जन्म झाला. आजच्या बहुतेक पांढऱ्या फिलिंगमागेही तोच शोध आहे.

दुसरा प्रकार ग्लास आयोनोमर सिमेंटचा. आपल्या भागाच्या दृष्टीने हाच जास्त कामाचा. त्याला निळा दिवा लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही, थोडा ओलावा चालतो. पावडर आणि द्रव एकत्र कालवून दाढेवर ठेवायचे आणि व्हॅसलीन लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने दाबायचे. यातून फ्लोराइडही हळूहळू सुटते. रेझिनपेक्षा हा लेप लवकर निघतो हे खरे, पण वरून निघाला तरी खोल घळीत थोडा शिल्लक राहतो आणि काम करत राहतो. मे-जूनमध्ये लाइटचा भरवसा नसलेल्या गावच्या शाळेत, बाकावर मुलाला आडवे करून करता येईल असा हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर, फ्लोराइड टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला.

फायदा किती?

सीडीसीच्या म्हणण्यानुसार लेप लावल्यावर दोन वर्षांपर्यंत मागच्या दाढांतली ८० टक्के कीड टळते, आणि चार वर्षांपर्यंत ५० टक्के संरक्षण राहते. लेप नसलेल्या मुलांत पहिल्या कायम दाढेची कीड जवळपास तिप्पट आढळते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात रेझिन लेपाने दोन वर्षांत कीड ११ ते ५१ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष आहे. दोन आकड्यांत फरक दिसतो तो मोजण्याच्या पद्धतीचा आणि ज्या मुलांवर चाचणी झाली त्यांच्यात कीड किती होती याचा. जिथे कीड जास्त, तिथे लेपाचा फायदा जास्त, हे दोन्हीकडून निघते.

खर्चाचे गणित सरळ आहे. किडलेल्या दाढेचा प्रवास फिलिंग, मग रूट कॅनाल, त्यावर कॅप असा जातो, आणि पैसा नसेल तर थेट दाढ काढण्यावर संपतो. सीडीसीने अमेरिकेपुरता हिशोब मांडला आहे, की लेप लावलेल्या प्रत्येक दाढेमागे उपचाराचे ११ डॉलरहून जास्त वाचतात. आपल्याकडे त्यात गावाहून शहराला जाण्याचे एसटी किंवा केएसआरटीसीचे तिकीट, बापाचा बुडालेला रोज आणि मुलाची बुडालेली शाळा धरावी लागेल. हुमनाबादहून बिदर असो की कलबुर्गी, दाताच्या एका खेपेत अख्खा दिवस जातो. रूट कॅनालला तीन खेपा.

शाळेतच का?

ज्या मुलाला लेपाची सर्वांत जास्त गरज, तेच मूल दवाखान्यात सर्वांत कमी जाते. अमेरिकेतही हेच निघाले. २०१६ मध्ये सीडीसीने सांगितले, की ६ ते ११ वयाच्या सुमारे ६० टक्के मुलांना लेप नाही, आणि त्यात कमी उत्पन्नाच्या घरातली जवळपास ७० लाख मुले आहेत. म्हणून ओहायोसारख्या राज्याने १९८४ पासूनच शाळेत जाऊन लेप लावायला सुरुवात केली. शाळा निवडायची रीत सोपी होती. जिथे मोफत किंवा सवलतीचे जेवण घेणारी मुले जास्त, ती शाळा आधी. आपल्याकडे मध्यान्ह भोजनाची यादी प्रत्येक सरकारी शाळेत तयारच असते, वेगळी पाहणी करायला नको.

वर्गही ठरलेले असतात. पहिल्या दाढेसाठी दुसरी-तिसरी, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या दुसऱ्या दाढेसाठी सातवी. एका मोठ्या शाळेत दुसरीत ४० मुले असतील तर दाढा झाल्या १६०. सगळ्या पूर्ण उगवलेल्या नसतात, काही आधीच किडलेल्या असतात. तरी एका दाढेला पाच-सहा मिनिटे धरली आणि एका मुलाला बसवण्या-उठवण्यासह अर्धा तास धरला, तर एका टेबलावर दिवसात बारा-तेरा मुले होतात. तीन टेबले असतील तर वर्ग एका दिवसात उरकतो. एक दंतवैद्य, दोन इंटर्न, मदतीला एक नर्स आणि मुलांना रांगेत ठेवणाऱ्या बाई. यापेक्षा जास्त मनुष्यबळ लागत नाही.

आपल्याकडे सध्या काय आहे

सरकारी शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, म्हणजे आरबीएसकेतून होते. या कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात पालघर येथे झाली. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा तिन्हीकडे तो आहे, त्यामुळे सीमेच्या कोणत्याही बाजूच्या पालकाला हे नाव लक्षात ठेवता येईल. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. ० ते १८ वयोगटात तपासायच्या आजारांच्या यादीत दाताच्या तक्रारी आहेत. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट असतो. दंतवैद्य नसतो. पथकाचे काम तपासणे आणि पुढे पाठवणे हे आहे, लेप लावणे त्यांच्या कामात येत नाही. पुढे म्हणजे तालुका दवाखाना किंवा जिल्ह्याचे डीईआयसी केंद्र, जिथे दंतवैद्याची जागा ठेवलेली असते.

घोडे अडते ते इथेच. पथकाने "दाढ किडली आहे" अशी चिठ्ठी दिली की ती दप्तरात राहते. मुलाला दुखत नसते, मग आई-वडील कशाला जातील? आणि लेपासाठी तर न किडलेल्या दाढेचे मूल पाठवायला हवे. ज्याला काहीच झालेले नाही अशा मुलाला घेऊन पन्नास-साठ किलोमीटर कोण जाणार! पाठवणीच्या पद्धतीत लेप बसत नाही तो यामुळे. तो शाळेतच व्हायला हवा.

केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. त्यातून जिल्हा आणि त्याखालच्या दवाखान्यांना दाताची खुर्ची, उपकरणे, साहित्य आणि मनुष्यबळासाठी मदत मिळते. कर्नाटकात त्याच सुमारास 'दंत भाग्य' योजना आली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी मिळते. योजना चांगलीच आहे, म्हाताऱ्या माणसाला भाकरी चावता येणे ही लहान गोष्ट नाही. पण सगळे दात गेल्यावर कवळी द्यायला योजना आहे आणि सहा वर्षांच्या मुलाची दाढ वाचवायला तशी नाही, हे कोणाच्याही नजरेत भरेल. महाराष्ट्राने 'स्वच्छ मुख अभियान' हाती घेतले आणि मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर त्याचे 'स्माइल अॅम्बेसेडर' झाले. त्याचा भर ब्रश करणे, चूळ भरणे, नीट खाणे, तंबाखू-सिगारेट टाळणे आणि दंतवैद्याकडे जाणे यांवर आहे. ज्या भागात घरोघरी मशेरी लावली जाते तिथे याची गरज आहेच. तरी उपदेशाने घळ बुजत नाही.

दंतवैद्यांचा तुटवडा आहे असेही म्हणता येणार नाही. बिदरला नौबाद येथे एस. बी. पाटील दंत महाविद्यालय आहे. कलबुर्गीत एचकेई संस्थेचे एस. निजलिंगप्पा दंत महाविद्यालय आणि अल-बदर रुरल डेंटल कॉलेज आहे. पलीकडे लातूरला एमआयडीएसआर, तर हैदराबादच्या वाटेवर संगारेड्डीला एमएनआर दंत महाविद्यालय. म्हणजे हुमनाबादच्या चारी दिशांना दंत महाविद्यालये. प्रत्येक ठिकाणी सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हा विभाग असतो, शिबिरे घेणे हा त्याच्या अभ्यासाचाच भाग असतो आणि इंटर्न मुलामुलींची त्यात पोस्टिंग होते. शिबिरात नुसती तपासणी करून फुकट टूथपेस्ट वाटण्यापेक्षा दुसरी-तिसरीच्या मुलांना लेप लावला तर त्याच मनुष्यबळात काम होईल. साहित्याचा खर्च कल्याण कर्नाटक प्रादेशिक विकास मंडळासारख्या ठिकाणाहून काढता येण्याजोगा आहे. कलम ३७१ (जे) खाली या भागासाठी जो निधी येतो त्यात आरोग्य आणि शिक्षण दोन्ही बसतात.

इथल्या अडचणी वेगळ्या

पहिली अडचण कागदाची. लेप लावण्याआधी पालकांची सही लागते. जगभरात शाळेतले असे कार्यक्रम रेंगाळतात ते बऱ्याचदा सही होऊन न आलेल्या कागदांमुळे. आपल्याकडे त्यात भाषेची भर. फॉर्म कन्नडमध्ये छापला आणि आईचे शिक्षण मराठीतून किंवा उर्दूतून झालेले असेल, तर ती सही कशाला करील? कन्नड, मराठी, उर्दू अशा तिन्ही भाषांत एका पानाचा कागद निघाला आणि पालकसभेत गुरुजींनी तो वाचून दाखवला तरी पुष्कळ काम होते.

दुसरी अडचण स्थलांतराची. तांड्यांवरची आणि कोरडवाहू गावांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबई-हैदराबादला कामाला जातात. मुलेही जातात. डिसेंबर-जानेवारीत शिबिर ठेवले तर ज्यांना गरज ती मुले पटावर असतात आणि वर्गात नसतात. म्हणून जून ते सप्टेंबर हाच काळ धरावा लागेल.

तिसरी अडचण पाण्याची. कलबुर्गीसह उत्तर कर्नाटकाच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते, असा भारतीय मानक सांगतो. त्यावर गेले की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, तो फ्लोरोसिस. डाग म्हणजे कीड नव्हे, पण दोन्ही एकाच तोंडात असू शकतात. जास्त डाग असलेल्या दाढेवर लेप चिकटायला अवघड जाते, त्यामुळे तिथे दंतवैद्याची नजर हवी. अशा गावात पाण्याचा बंदोबस्त आधी, हेही ओघानेच आले.

आणि खाणे. डिसेंबर २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गीसह या भागातल्या जिल्ह्यांत शाळेत अंडी द्यायला सुरुवात झाली, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांना केळी ठरली होती. शेंगदाणा-गुळाची चिक्की पोषणाला चांगली आणि दाढेच्या घळीला वाईट. खाऊन झाल्यावर नळावर खळखळून चूळ भरायला लावली तर फरक पडतो. दुकानातल्या एक-दोन रुपयांच्या गोळ्या-चॉकलेटांचे काय करायचे हा प्रश्न शाळेच्या फाटकाबाहेरचा आहे.

लेपच हवा का? इतर मार्ग

यावर जाणकारांत एकमत नाही. वेल्समध्ये हजाराहून जास्त मुलांवर झालेल्या चाचणीत एका गटाला लेप लावला, दुसऱ्याला दर सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश. तीन वर्षांनी पहिल्या कायम दाढेत कीड झालेली मुले लेपाच्या गटात १९.६ टक्के आणि वार्निशच्या गटात १७.५ टक्के निघाली, म्हणजे फरक नसल्यासारखाच. वार्निश स्वस्त पडले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. मात्र वार्निशसाठी तीन वर्षांत सहा वेळा तेच मूल सापडायला हवे. स्थलांतरित कुटुंबांच्या गावात हे जमणे कठीण, तिथे एकदाच लावून होणारा लेप उजवा ठरतो.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लागलेली कीड थांबवते, कोरावे लागत नाही. किडलेला भाग मात्र काळा पडतो, ते पालकांना आधी सांगावे लागते. न्यूयॉर्कच्या प्राथमिक शाळांत सुमारे तीन हजार मुलांवर झालेल्या आणि मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते आणि लेप जवळपास सारखेच उपयोगी ठरले. उलट फिलिपिन्सच्या शाळांत २०१२ च्या अभ्यासात ते एकदाच लावून कीड टळली नाही, लेपाने टळली. आपल्या परिस्थितीला फिलिपिन्स न्यूयॉर्कपेक्षा जवळचे आहे. धड दाढेला लेप आणि किडलेल्याला हे औषध, असे दोन्ही बरोबर ठेवणे व्यवहाराला धरून होईल.

पालक विचारतात ते

लेप किती वर्षे टिकतो? रेझिनचा नीट लागला तर काही वर्षे. वर्षातून एकदा बघून घ्यायचा, निघाला असेल तर पुन्हा लावता येतो. पोटात गेला तर? बारीक तुकडा गिळला जाऊ शकतो, अपाय होत नाही. रेझिनमधल्या बीपीए या रसायनाबद्दल शंका घेतली जाते. त्याचे प्रमाण अत्यल्प आणि तेही लावल्यानंतर थोडाच वेळ असते. दाढेवर डाग आहे, मग लेप चालेल? खड्डा पडला नसेल तर सुरुवातीच्या किडीवरही लेप लावतात, ती आत कोंडली जाऊन वाढत नाही. खड्डा असेल तर फिलिंग. लेप लावला म्हणजे ब्रश नको का? हवा. लेप फक्त चावण्याच्या बाजूवर असतो, दोन दातांच्या मधली जागा उघडीच राहते. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, लहान मुलाला वाटाण्याएवढी.

कार्यक्रम येईपर्यंत घरी एक गोष्ट करता येते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की उजेडात तोंड उघडायला सांगून खालच्या जबड्यात दात मोजायचे. मधल्या दोन दातांपासून एका बाजूला मोजत गेले की सहावा जो मोठा येतो ती कायमची दाढ. ती दिसली की आरबीएसके पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवायचे नाही, आणि बिदर, कलबुर्गी किंवा लातूरच्या दंत महाविद्यालयाकडे दुसऱ्या कामाने जाणे झाले तर मुलाला बरोबर न्यायचे. तिथे जाऊन "दाढ दुखते" म्हणायची गरज नाही, "सीलंट लावायचे आहे" एवढे सांगितले की लहान मुलांच्या दंत विभागात पाठवतात. लेप लागल्यावर तारीख आणि कोणत्या दाढा ते कागदावर लिहून घ्यावे. ऊसतोडीला किंवा परगावी जाताना तो कागद लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवला, तर पुढच्या शाळेतल्या तपासणीत तो दाखवता येतो.